छपराखालची चूल : परसातल्या डेकची बांधणी

अमेरिकेतल्या स्वतंत्र घरांच्या मागच्या दाराबाहेर अनेकदा डेक असतो. डेक म्हणजे खांबांवर उभारलेला लाकडी फळ्यांचा मोकळा ओटा; कुठे जमिनीपासून वीतभर, तर कुठे पुरुषभर उंच. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांभोवती उपनगरे वाढली, घरामागे स्वतःचे अंगण आले आणि बाहेर स्वयंपाक करण्याची रीत घरोघरी रुजली. १९५२ साली शिकागो परिसरात जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा धातूचा गोळा मधोमध कापून झाकणाची कोळशाची शेगडी तयार केली. वेबर केटल नावाने ती देशभर पोचली. पुढे शेगडीच्या जोडीला तासन्‌तास मंद धूर देणारे स्मोकर आले. पाऊस, बर्फ आणि ऊन यांत हा लांबलचक स्वयंपाक अडू नये म्हणून डेकवर छप्पर घालण्याची पद्धतही पसरली.

मात्र लाकडी जमीन, लाकडी छप्पर आणि त्यांच्यामध्ये पेटलेली चूल ही जोडणी विचार न करता केली तर घातक ठरते. बसण्याच्या जागेवर छप्पर घालताना पाणी अडवले की काम झाले. चुलीवर छप्पर घालताना पाणी अडवायचे असते आणि धूर, उष्णता व विषारी वायू यांना बाहेर जाऊही द्यायचे असते. म्हणून अशा बांधकामात चुलीची जागा आणि धुराची वाट आधी ठरते. खांब, तुळया आणि पाखी त्यानंतर.

धुरावरचा स्वयंपाक

शेगडीवर भाजणे आणि धुरावर शिजवणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. भाजताना पदार्थ थेट निखाऱ्यांवर असतो आणि काही मिनिटांत तयार होतो. धुरावर शिजवताना आग एका बाजूला आणि पदार्थ दुसऱ्या बाजूला असतो. पेटीतले तापमान साधारण १०७ ते १२१ अंश सेल्सिअस राखले जाते. टेक्सासमध्ये गोमांसाचा छातीकडचा ब्रिस्केट हा तुकडा आणि कॅरोलायनात डुकराच्या खांद्याचे मांस असे शिजवतात. हे भाग चिवट असतात, कारण त्यांत कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन भरपूर असते. मंद उष्णतेत बराच वेळ राहिल्यावर त्याचे जिलेटीन होते आणि मांस मऊ पडते. आतले तापमान ९५ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत दहा ते चौदा तास सहज जातात. मध्येच, ६५ ते ७५ अंशांच्या टप्प्यात, ते कित्येक तास वाढतच नाही. पृष्ठभागावरून उडणारी वाफ मांसाला थंड ठेवत असते.

एवढा वेळ चूल सांभाळायची तर आडोसा लागतो. पावसाने पत्र्याची पेटी गार पडते, जोराच्या वाऱ्याने आग भडकते आणि तापमान वरखाली होते. तरीही चुलीभोवतीची हवा कोंडून चालत नाही. लाकडातले लिग्निन जळताना ग्वायाकॉलसारखी संयुगे तयार होतात आणि धुराचा गंध व चव त्यांच्यातून येते. आगीला भरपूर हवा मिळाली तर धूर पातळ आणि निळसर निघतो व पदार्थाला गोडसर चव देतो. हवा कमी पडली की दाट पांढरा धूर सुटतो, काजळी धरते आणि पदार्थ कडवट होतो. खेळती हवा चवीला लागते, तशीच ती माणसाच्या सुरक्षिततेलाही लागते.

चुलीची निवड आणि जागा

डेक बांधण्याआधी त्यावर कोणती चूल येणार हे ठरलेले असावे, कारण प्रत्येक साधनाचे वजन आणि गरजा वेगळ्या असतात. ऑफसेट स्मोकरमध्ये आडव्या लोखंडी पिंपाला बाजूला आगपेटी जोडलेली असते. त्यात ओक, हिकरी किंवा मेस्कीटची लाकडे जाळतात. पाव इंच जाड पत्र्याचा मोठा ऑफसेट तीन-चारशे किलोंचा भरू शकतो आणि त्याच्या आगपेटीतून ठिणग्या बाहेर पडतात. कमाडो ही अंड्याच्या आकाराची जाड सिरॅमिकची चूल असते. तिचा मूळ नमुना जपानी, इंधन कोळशाचे आणि मोठ्या आकारात वजन सत्तर किलोंच्या पुढे. पेलेट ग्रिल १९८०च्या दशकात ऑरेगन राज्यात जो ट्रेगर यांनी विकसित केली. तिच्यात लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या मोटरने आगीकडे सरकत राहतात, त्यामुळे तिला विजेची जोडणी आणि पावसापासून पक्का बचाव दोन्ही लागतात. गॅसची ग्रिल सर्वांत सोयीची, पण सिलिंडर किंवा नळाची व्यवस्था आधीच करावी लागते.

जागा ठरवताना पहिला प्रश्न वाऱ्याचा. वर्षातला बहुतेक काळ वारा ज्या दिशेने वाहतो, त्या दिशेला घराच्या खिडक्या, दारे, वातानुकूलन यंत्राची हवा घेणारी जाळी किंवा शेजाऱ्याची बसण्याची जागा येऊ नये. दुसरा प्रश्न अंतराचा. अमेरिकेतल्या अनेक गावांनी आणि शहरांनी स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेनुसार कोळशाच्या शेगड्या आणि उघड्या ज्योतीची साधने ज्वलनशील बांधकामापासून १० फुटांच्या आत वापरता येत नाहीत. एक किंवा दोन कुटुंबांच्या घरांना यातून सूट आहे. इमारतीतल्या सदनिकांना मात्र हा नियम लागतो. सूट असली तरी आग सूट देत नाही. म्हणून घराची भिंत, कठडा, वळचण आणि झाडांच्या फांद्या यांपासून चूल शक्य तितकी लांब ठेवावी. उत्पादकाने मागे, बाजूला आणि वर किती जागा मोकळी सोडायला सांगितली आहे ते पुस्तिकेत पाहून तेवढी सोडावी.

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बहुतेक वेळा एकच निघते : चूल डेकच्या बाहेरच्या कडेला आणि बसण्याची जागा घराच्या बाजूला.

परवानगी आणि आराखडा

छप्पर असलेल्या बांधकामाला जवळजवळ सगळीकडे नगरपालिकेच्या किंवा काउंटीच्या इमारत विभागाची परवानगी लागते. प्लॉटच्या हद्दीपासून किती अंतर सोडायचे तेही तिथेच कळते. घरमालकांची संघटना असेल तर छपराचा रंग आणि उंची यांवर तिचे वेगळे नियम असतात. अर्जासोबत मोजमापांसह आराखडा द्यावा लागतो. त्यात खांबांची जागा, पायाची खोली, तुळया व कड्यांचे आकार, छपराचा उतार आणि चुलीचे स्थान दाखवलेले असावे.

खणण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करायचा असतो. २००७ पासून अमेरिकेत हा क्रमांक सर्वत्र चालू आहे. फोन केल्यावर गॅस, वीज, पाणी व दूरसंचार कंपन्यांची माणसे येऊन जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा विनामूल्य करून जातात.

पाया आणि खांब

थंड प्रदेशात पायाची खोली गोठणाऱ्या मातीवर अवलंबून असते. मातीतले पाणी गोठले की बर्फाचे थर साचून जमीन वर उचलली जाते आणि उथळ पाया तिच्याबरोबर उचकटतो. म्हणून काँक्रीटचा तळ माती गोठण्याच्या पातळीखाली न्यावा लागतो : दक्षिण मिनेसोटात ४२ इंच, उत्तर मिनेसोटात ६० इंच. टेक्सास-फ्लोरिडासारख्या उष्ण राज्यांत ही अडचण नाही. तिथे पाया उथळ चालतो, पण वादळी वाऱ्याचा विचार जास्त करावा लागतो.

पायाची रुंदी भारावरून ठरते. हा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. घराला न जोडलेला, स्वतःच्या खांबांवर उभा असलेला १२ फूट रुंद आणि १६ फूट लांब डेक धरू. त्याचे क्षेत्रफळ १९२ चौरस फूट. माणसे व सामान यांसाठी दर चौरस फुटाला ४० पौंड आणि लाकडाच्या स्वतःच्या वजनासाठी १० पौंड धरतात. म्हणजे ९,६०० पौंड. तेवढ्याच आकाराच्या छपरावर बर्फाचे ३० आणि छपराच्या वजनाचे १० पौंड धरले तर आणखी ७,६८० पौंड. एकूण १७,२८० पौंड, म्हणजे सुमारे ७,८४० किलो. तीन-तीन खांबांच्या दोन ओळी असतील तर मधल्या प्रत्येक खांबावर एकूण भाराचा चौथा हिस्सा येतो : ४,३२० पौंड. चिकणमाती दर चौरस फुटाला १,५०० पौंड पेलते असे धरले तर त्या खांबाखाली सुमारे २.९ चौरस फुटांचा, म्हणजे २३ इंच व्यासाचा तळ लागेल. छप्पर नसते तर साधारण १७ इंच पुरले असते. जुन्या डेकवर नंतर छप्पर चढवताना पाया तपासणे का आवश्यक आहे, हे या फरकातून कळते.

छपराचे खांब डेकच्या फळ्यांवर कधीही टेकवू नयेत. वरचा भार खांबातून सरळ काँक्रीटमध्ये उतरला पाहिजे. खांबाचे लाकूड काँक्रीटला चिकटून राहिले तर ओलीने कुजते, म्हणून मध्ये धातूचे बूड बसवतात. हेच बूड खांबाला खाली धरूनही ठेवते. तीन बाजूंनी उघड्या छपराखाली वारा शिरला की तो छप्पर वर उचलू पाहतो. त्यासाठी वासे तुळईला, तुळई खांबाला आणि खांब पायाला धातूच्या पट्ट्यांनी व बोल्टांनी बांधलेले असावे लागतात. नुसते खिळे पुरत नाहीत.

कड्या, फळ्या आणि चुलीखालची जमीन

डेकचा सांगाडा बहुधा वाळवी व कूज यांपासून बचावासाठी रसायन मुरवलेल्या पाइनचा असतो. २००३ अखेरपर्यंत घरगुती वापराच्या अशा लाकडात आर्सेनिक असे. त्यानंतर तांबेयुक्त रसायने आली. ती साध्या लोखंडाला लवकर गंजवतात, म्हणून खिळे, स्क्रू आणि पट्ट्या जाड जस्ताचा लेप दिलेल्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात. या लाकडाचे उरलेले तुकडे चुलीत घालू नयेत, कारण त्यांचा धूर आणि राख दोन्ही विषारी असतात.

डेक घराला जोडायचा असेल तर भिंतीवर आडवी फळी बसवून तिच्यावर कड्या टेकवतात. ही फळी अर्धा इंच जाडीच्या बोल्टांनी किंवा मोठ्या स्क्रूंनी घराच्या सांगाड्यात घट्ट बसली पाहिजे. ती केवळ खिळ्यांवर ठोकलेली असल्याने डेक कोसळून माणसे दगावल्याच्या घटना अमेरिकेत घडल्या आहेत. फळीच्या वर पाणी वळवणारी धातूची पट्टी नसेल तर भिंत आतून कुजते. चुलीच्या डेकसाठी घरापासून सुटा सांगाडा अधिक बरा. त्याने भिंतही वाचते आणि अंतरही राहते.

कड्यांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंच ठेवतात. वरच्या फळ्या संमिश्र, म्हणजे लाकडाचा भुसा व प्लास्टिक यांच्या असतील तर उत्पादकाने सांगितल्यास १२ इंच. फळ्यांमध्ये पाणी निथळण्यापुरती फट असावी. डेक जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तर किमान ३६ इंच उंचीचा कठडा लागतो आणि त्याच्या गजांमधून ४ इंचांचा चेंडू जाता कामा नये. लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी हे माप ठरवले आहे.

चुलीखालच्या जागेला मात्र वेगळा विचार लागतो. सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद ऑफसेट १५ चौरस फूट जागा व्यापतो. तेवढ्या जागेसाठी डेकच्या हिशेबात ६०० पौंड, म्हणजे २७२ किलो धरलेले असतात. तीन-चारशे किलोंचा स्मोकर ही मर्यादा ओलांडतो, आणि हा सगळा भार चार चाकांवर टाकतो. त्या भागात जादा कड्या, खाली स्वतंत्र तुळई आणि तिचा स्वतंत्र पाया द्यावा लागतो. आगीचा प्रश्न त्याहून गंभीर. निखारा पडला तर लाकडी फळी धुमसत राहते, प्लास्टिकमिश्रित फळी वितळते. फळ्यांवर न जळणारी फरशी किंवा जाड अग्निरोधक चटई टाकून हलक्या ग्रिलचे काम भागते.

लाकडे जाळणाऱ्या जड स्मोकरसाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे तो डेकवर ठेवूच नये. डेकला लागून जमिनीवर चार इंच जाडीचे काँक्रीट ओतावे किंवा फरसबंदी करावी आणि छपराचे एक पाखे तिच्यावर पुढे काढावे. स्वयंपाक करणारा कोरडा राहतो आणि आग मातीवर राहते.

छप्पर आणि धुराची वाट

घराला टेकवलेले एकपाखी छप्पर बांधायला सोपे आणि स्वस्त. त्याचा उंच काठ घराच्या भिंतीला आणि खालचा काठ अंगणाकडे असतो, म्हणजे पाणी घरापासून दूर जाते. पण धूर पाण्याच्या उलट चालतो. तो छपराच्या खालच्या बाजूने चढत थेट भिंतीशी, खिडक्यांशी आणि वळचणीशी जाऊन साचतो. चुलीच्या डेकसाठी म्हणून दुपाखी छप्पर जास्त उपयोगी. त्याचे आढे घराला काटकोनात ठेवावे आणि बाहेरचा त्रिकोण उघडा सोडावा. धूर आढ्याशी जमतो आणि तिथून बाहेर पडतो. दुसरी रीत म्हणजे छप्पर घराच्या वळचणीपेक्षा उंच उचलून मधली फट मोकळी ठेवणे.

कोकणातल्या कौलारू घरात चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आपोआप बाहेर झिरपतो. अमेरिकेतल्या छपरात वाशांवर प्लायवुड, त्यावर जलरोधक पडदा आणि त्यावर डांबरी शिंगल्स असतात. त्यात फट उरत नाही. धुराला वाट मुद्दाम करून द्यावी लागते. आढ्याला लांब झरोका ठेवून त्यावर छोटी टोपी बसवणे हा सर्वांत साधा मार्ग. छपराचा खालचा काठ जमिनीपासून आठ-नऊ फूट असला म्हणजे धूर डोळ्यांच्या पातळीवर रेंगाळत नाही.

गॅसच्या किंवा कोळशाच्या ग्रिलवर धूर ओढणारे पंख्याचे हूड लावता येते. हूड ग्रिलपेक्षा रुंद हवे आणि त्याची ताकद घरातल्या हूडपेक्षा बरीच जास्त, मिनिटाला सुमारे १,२०० घनफूट, कारण वारा धूर बाजूला उडवत असतो. धुरांडे छपरातून वर काढायचे असेल तर दुहेरी भिंतीचे, उष्णतारोधक नळकांडे वापरतात. ते छपरातून बाहेर पडते तिथपासून किमान ३ फूट आणि १० फुटांच्या परिघातल्या छपराच्या कोणत्याही भागापेक्षा किमान २ फूट उंच असावे, असा नियम आहे. स्मोकरच्या स्वतःच्या धुरांड्याला मात्र परस्पर लांब नळी जोडू नये. ओढ वाढते आणि आतल्या आगीचे गणित बिघडते.

छपराचे साहित्य उतारावर अवलंबून असते. शिंगल्सना बारा इंचांत चार इंच उतार योग्य. बारात दोनपर्यंतही चालतो, पण तेव्हा खाली दुहेरी जलरोधक थर लागतो. धातूचा पत्रा त्याहून कमी उतारावर बसतो, जळत नाही आणि काजळी पुसता येते. पारदर्शक पॉलिकार्बोनेटमुळे उजेड येतो, पण हे प्लास्टिक सुमारे १४७ अंशांना मऊ पडते. धुरांड्याच्या डोक्यावर त्याला जागा नाही. चुलीच्या वरच्या भागात आतून सिमेंट बोर्ड किंवा धातूचा पत्रा लावावा, आणि तो व लाकूड यांच्यात हवेची फट ठेवावी. वर्षानुवर्षे तापणारे लाकूड हळूहळू कोळशासारखे होत जाते आणि पुढे कमी तापमानालाही पेट घेऊ शकते.

छपराखालचा सर्वांत मोठा धोका दिसत नाही. कोळसा आणि लाकूड जळताना कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. चूल पेटलेली असताना किमान तीन बाजू उघड्या असाव्यात. हिवाळ्यात थंडी अडवण्यासाठी प्लास्टिकचे पडदे सोडून आत शेगडी पेटवणे जिवावर बेतते. डासांच्या जाळ्याही काजळी व चरबीने बुजतात, म्हणून चुलीच्या बाजूला त्या लावू नयेत. घराच्या आत, मागच्या दाराजवळ या वायूची सूचना देणारे यंत्र बसवावे.

गॅस, वीज आणि ओटा

प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. गळती झाली तर तो तळाशी साचतो. सिलिंडरच्या कपाटाला म्हणून खाली झरोके हवेत. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने त्याच्या कपाटाला वर झरोके हवेत. नळ परवानाधारक कारागिराकडूनच जोडून घ्यावा आणि बंद करण्याची चावी आगीपासून दूर, हात पोचेल अशी असावी. बाहेरच्या विजेच्या प्रत्येक जोडणीला गळती होताच प्रवाह तोडणारे संरक्षण आणि पाण्यापासून झाकण लागते. मांस शिजले की नाही हे रात्रीही दिसावे म्हणून दिवा चुलीच्या थेट वर न लावता बाजूला लावतात.

ओटा ३६ इंच उंच, ग्रॅनाइटचा किंवा स्टेनलेस स्टीलचा असावा. कच्चे मांस ठेवण्याची आणि शिजलेले कापण्याची जागा वेगळी हवी. शाकाहारी घरांतही ही चूल उपयोगी पडते : भरताची वांगी, मक्याची कणसे आणि पनीर निखाऱ्यावर आणि धुरावर उत्तम होतात. त्याच चुलीवर मांसही शिजत असेल तर जाळी आणि चिमटे स्वतंत्र ठेवावेत.

राख, चरबी आणि देखभाल

निखारे विझल्यासारखे दिसले तरी राखेखाली दोन-दोन दिवस धगधगत राहू शकतात. राख झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून डबा डेकवर न ठेवता जमिनीवर, घरापासून दूर ठेवावा. चरबी पेटली तर पाणी ओतू नये. झाकण लावून हवा आणि गॅस बंद करावे. लाकूड, तेल आणि वीज या तिन्ही आगींवर चालणारे अग्निशामक यंत्र दाराजवळ असावे, चुलीच्या मागे नव्हे.

छपराच्या पन्हळीतले पाणी नळीने पायापासून लांब सोडावे. दर वसंतात बोल्ट घट्ट आहेत का, पट्ट्या गंजल्या का आणि कड्यांचे लाकूड पेचकसाने टोचल्यावर मऊ लागते का, ते तपासावे. भिंतीला जोडलेल्या फळीकडे विशेष लक्ष द्यावे. आढ्याखालची काजळी, हूडच्या जाळ्या आणि धुरांडे वर्षातून किमान एकदा साफ करावे, कारण साचलेली काजळी व चरबी हे इंधनच असते. आर्सेनिकच्या काळातले जुने लाकूड डेकमध्ये असेल तर त्यावर नियमित लेप द्यावा, आणि डेक मोडताना ते जाळू नये. स्थानिक प्रशासनाच्या नियमांप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी.